उतारावरची अडचण

‘थंडीत बॅटरीची शक्ती घटते, म्हणून विजेचा ट्रक बर्फात चढत नाही’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण दाबलेल्या बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या सुमारे एक तृतीयांश असते आणि चढावर बहुधा तीच आधी संपते. अधिक गंभीर अडचण उतारावर येते. शून्य अंशाखाली लिथियम-आयन सेल वेगाने चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचू शकते, त्यामुळे नियंत्रक रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरने वेग कमी करत ती ऊर्जा बॅटरीत परत भरणे) आटोक्यात ठेवतो आणि उरलेला भार चाकांच्या ब्रेकवर पडतो. आपल्या इंदूरकडे बर्फ नाही. तरी मानपूरला बॅटरी पूर्ण भरून लगेच भेरूघाट उतरणाऱ्या ट्रकलाही, भर उन्हाळ्यात, जवळजवळ हीच मर्यादा जाणवेल, कारण भरलेल्या बॅटरीत ती ऊर्जा घ्यायला जागाच नसते.