विषय: १२ जूननंतर जुना टीव्ही आणि घरखर्च (एप्रिल २००९)

सप्रेम नमस्कार,

माझे आईवडील जवळच वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहतात. केबल नाही, जुना टीव्ही घरातल्या अँटेनावर चालतो. १२ जूनला अमेरिकेत टीव्हीचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन फक्त डिजिटल उरणार, म्हणून दुकानदार नवा टीव्ही सुचवतो आणि शेजारी केबल. दोन्ही खर्च त्यांना जड आहेत. काय करावे?

— न्यू जर्सीतील एक सभासद

नमस्कार,

नवा टीव्ही घेण्याची गरज नाही, आणि केवळ या बदलापायी केबलचे मासिक बिल मागे लावून घेऊ नये. जुन्या टीव्हीला कन्व्हर्टर बॉक्स (डिजिटल सिग्नल जुन्या टीव्हीला दाखवता येईल असा करणारी पेटी) जोडला की काम भागते. तो साधारण ४० ते ८० डॉलरना मिळतो, आणि सरकार प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपने देते. आईवडिलांचे घर वेगळे असल्यामुळे अर्ज त्यांच्याच पत्त्यावरून करावा. एका बॉक्सवर एकच कूपन चालते आणि त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून पाकीट आले की लगेच दुकान गाठावे. जानेवारीत कूपनांचा निधी संपून प्रतीक्षायादी लागली होती. अ‍ॅनालॉग बंद करण्याची आधी ठरलेली १७ फेब्रुवारीची तारीख पुढे ढकलली गेली, त्याचे हे एक मोठे कारण होते.

मात्र कूपन अँटेनासाठी वापरता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते. अ‍ॅनालॉगवर सिग्नल कमी पडला तरी मुंग्यांमधून चित्र दिसत असे. डिजिटलवर ते एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर तुकडे होऊन गोठते. शिवाय न्यू यॉर्कची ७, ११ आणि १३ ही केंद्रे सध्या डिजिटल प्रक्षेपण यूएचएफ या वरच्या लहरीपट्ट्यावर करतात, पण १२ जूनला ती व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यावर परत जाणार आहेत. त्यामुळे फक्त यूएचएफसाठी बनवलेला अँटेना आज उत्तम चालला, तरी त्या दिवशी नेमकी हीच केंद्रे जाण्याची शक्यता आहे. घरातला अँटेना लांब कांड्यांचा, म्हणजे व्हीएचएफ पकडणारा असेल, तर तो टाकून न देता आधी बॉक्सला जोडून पाहावा.

रिकाम्या होणाऱ्या लहरींच्या लिलावातून सरकारला गेल्या वर्षी सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले असताना छपरावरच्या अँटेनाचा खर्च निवृत्त माणसांनी स्वतः सोसावा, हे मला अन्यायाचे वाटते.

— मंडळाचे एक जुने सभासद

आभारी आहे. आई एक वाहिनी पाहताना दुसरीवरचा कार्यक्रम व्हीसीआरवर उतरवते. ते जमेल का?

एका बॉक्सवर जमणार नाही, कारण त्यातून एका वेळी एकच वाहिनी मिळते. दुसरे कूपन त्यासाठीच वापरा: एक बॉक्स टीव्हीला, एक व्हीसीआरला. १२ जूनला दोन्हींवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागेल, तेव्हा त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे असलेले बरे.