जुन्या सलून गाड्यांच्या शर्यती एवढ्या का भावतात?

चौदारी: गुडवुड रिव्हायव्हल या इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या शर्यत-सोहळ्यात जुन्या ग्रां प्री गाड्या बघून डोळे दिपतात, पण माझा जीव अडकतो तो तिथल्या सेंट मेरीज ट्रॉफीत, म्हणजे सलून (रोजच्या वापराच्या बंद टपाच्या) गाड्यांच्या शर्यतीत, जग्वार मार्क २ वर. चार दारं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, दीड टनाच्या आसपास वजन. डॉक्टरांनी दवाखान्यात न्यावी अशी गाडी! तीच वळणावर एका अंगाला कलते, मागची चाकं घसरतात आणि ड्रायव्हर उलटं स्टिअरिंग मारून तिला सावरतो. त्याची सगळी झटापट बाहेरून दिसते. आजच्या टूरिंग कार, म्हणजे सलून शर्यतीच्या आधुनिक गाड्या, रुळावरून गेल्यासारख्या जातात.

शिवाय या शर्यतींचा इतिहासच देखणा आहे. १९५८ च्या पहिल्या ब्रिटिश सलून चॅम्पियनशिपमध्ये जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन सारख्या रायली १.५ आणल्या. पाच फेऱ्या, गाड्यांची अदलाबदल, पुन्हा पाच फेऱ्या, तेही पावसात. सीअर्स एकूण १.६ सेकंदांनी जिंकले. माणसाचा कस लावायला घरगुती गाडीच पुरली.

स्पॅनर_सातारा: असहमत. 'घरगुती गाडी' हे गोड स्वप्न आहे. फॉर्म्युला वनवाल्या जिम क्लार्कने १९६४ ची हीच ब्रिटिश सलून चॅम्पियनशिप जिंकली ती लोटस कॉर्टिना घ्या. कवच फोर्डचं, पण आत लोटसचं १५५८ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन. गाडी बनवलीच मुळी शर्यतीच्या नियमात बसावी म्हणून. आणि आज गुडवुडला धावते ती तर क्लार्कची कॉर्टिनाही नव्हे. कागदावर सगळं त्या काळचं, पण इंजिन बांधणाऱ्याच्या हाताशी साठ वर्षांचं नवं ज्ञान आणि मालकाचा सढळ खिसा. याला इतिहास म्हणवत नाही.

घाटवाट: 'ब्रिटिश' या शब्दाचंही जरा जास्तच कौतुक होतंय. १९६३ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर सीअर्स यांनीच सात लिटरची अमेरिकन फोर्ड गॅलॅक्सी आणून जग्वारना मागे टाकलं. माझ्या मते खरी मजा आहे ती बेमेळ गाड्यांच्या जुगलबंदीत. सरळ रस्त्यावर गॅलॅक्सी पुढे निघून जाते, वळणावर मिनी तिच्या बंपरला येऊन चिकटते. मी तेवढ्यासाठी बघते.

चौदारी: सातारकर, कॉर्टिनाबद्दल तुमचं मान्य, ती शर्यतीसाठीच जन्मली. पण ऑस्टिन ए३५ चं काय? ९४८ सीसीची बुटकी गाडी, ग्रॅहॅम हिलसारख्या फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरने ती शर्यतीत पळवली. आणि त्या रायली १.५ मधलं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आपल्याला परकं नाही, त्याच घराण्याचं इंजिन अँबॅसिडरमध्ये होतं. बाबांच्या अँबॅसिडरमधून खंबाटकी घाट चढताना मी मागच्या सीटवर ते ऐकलंय. त्याच जातीचं इंजिन रेसमध्ये कसं ओरडत असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. फेरारीबद्दल असं कधी वाटलं नाही, कारण फेरारीत मी कधी बसलोच नाही.

स्पॅनर_सातारा: अँबॅसिडरचं पटलं. आमच्या गॅरेजात ती इंजिनं मी स्वतः उघडलीत, बिचारी काहीही सोसायची. म्हणूनच माझा आग्रह आहे की ती त्यांच्या खऱ्या ताकदीवर पळू द्या. आरपीएमला (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याला) मर्यादा घाला आणि ती काटेकोर तपासा. एका फेरीची वेळ दोन सेकंदांनी वाढली तरी चालेल. तोवर आजच्या लॅपटाइमशेजारी क्लार्कचं नाव लिहू नका, एवढंच म्हणणं आहे.