विसापूर, लोहगड आणि भाजे लेणी एका दिवसात? सोबत आजी-आजोबा आणि मुलं

कर्वेनगरकर: नोव्हेंबरात एका शनिवारी पुण्याहून लोकलने मळवलीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं मोठे, सात आणि दहा वर्षांची दोन मुलं, शिवाय सासू-सासरे (दोघंही पासष्टीच्या पुढे, पण रोज तळजाई चालणारे). दोन्ही किल्ले आणि भाजे लेणी एका दिवसात होतील का? विसापूर पडका आहे, तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही असं बरेच जण म्हणतात. मग तो सोडावा का?

डोंगरवाट: दोन्ही किल्ले एका दिवसात होतात, पण नुसते पळत. मुलं बरोबर असतील तर एकच किल्ला निवडा, आणि माझं मत विचाराल तर विसापूर.

तो पडका का आहे हे कळलं की बघायची नजरच बदलते. विसापूर लोहगडापेक्षा उंच आणि अगदी समोर. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, तो हातचा गेल्यावर लोहगडालाही टिकाव धरता आला नाही. पुढे विसापूरचे दरवाजे सुरुंगांनी उडवले, लोहगडाचे मात्र राहिले. म्हणून लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चारही दरवाजे धड दिसतात आणि विसापूरला तुम्ही दगडांच्या घळीतून वर शिरता. तटबंदी मात्र अजूनही लांबच लांब उभी आहे. वर पाण्याची टाकी आहेत, मारुतीचं शिल्प आहे, वाड्यांची जोती आहेत. चुन्याची घाणी मुलांना नक्की दाखवा: जमिनीत दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. बैल ते चाक ओढायचे, चरात चुना मळला जायचा आणि तोच तटाच्या सांध्यांत भरायचे. तटाजवळ जाऊन सांधे बघितले की दोन्हींचा संबंध मुलांना आपसूक कळतो.

वाट: मळवलीहून रिक्षा करून गायमुख खिंडीपर्यंत जा. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. खिंडीतून वर पोचायला मुलांसकट तासभर धरा. पहिला भाग झाडीतला आहे, तिथे गुरांच्या वाटा फुटतात आणि लोक चुकतात ते तिथेच. ठळक वाट सोडू नका. दहा मिनिटं चालूनही पायाखाली मळलेली वाट दिसत नसेल तर पुढे रेटू नका, शेवटच्या फाट्यापर्यंत मागे या. नंतर घळ लागते. मुलाच्या पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा, असंच चढा. वर पोचल्यावर, जिथून आलात त्या जागेचा मागे वळून फोटो काढून ठेवा. पठार प्रचंड आहे आणि उतरताना घळीचं तोंड सापडत नाही.

लेणीवेडा: वरच्या बेतात एक भर. भाजे लेणी सकाळी आटोपून टाकायची घाई करू नका. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, दुपारी तीननंतर ऊन थेट चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या मोठ्या दालनात येतं. छताच्या लाकडी कमानी तेव्हाच नीट दिसतात. त्या मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. खांबही बघा, सरळ नाहीत, आत झुकलेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब असे तिरके रोवत, तीच रीत कातळात जशीच्या तशी उतरली. पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, त्यातल्या काहींवर भिक्षूंची नावं कोरलेली आहेत. बहुतेक लोक चैत्यगृहापाशी फोटो काढून परत फिरतात. तुम्ही दक्षिण टोकाच्या विहारापर्यंत (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यापर्यंत) जा. रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं तिथे आहेत. ही शिल्पं न बघता परतणं म्हणजे भाजे अर्धंच बघणं.

बेडसे याच दिवसात कोंबू नका. ती लेणी पूर्वाभिमुख आहेत, कामशेतहून वेगळी सकाळ ठेवूनच जावं.

कर्वेनगरकर: फार उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. आम्ही विसापूरवर असताना सासू-सासऱ्यांनी काय करावं? घळ त्यांना झेपणार नाही असं वाटतंय.

मावळमाती: घळ नकोच. चढायला जमेल, पण उतरताना सुट्या दगडांवर गुडघे बोलतात. त्यांना त्याच रिक्षाने पुढे लोहगडवाडीत सोडा. लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत, दमाने चढता येतं, आणि कुठल्याही दरवाज्यापाशी बसून मागे फिरता येतं. झेपलंच तर महादरवाज्यापर्यंत जाऊ द्या, तिथून खाली बघितलं की दरवाज्यांची नागमोडी रचना एका नजरेत येते. विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची लांब निमुळती सोंड, सोडा, जाऊन-येऊन बरीच चाल पडते. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ओढतात. सॅकमध्येच ठेवा.

वाडीत चढायच्या आधीच पिठलं-भाकरी सांगून ठेवा, म्हणजे साडेबारा-एकला सगळे तिथेच भेटाल आणि ताटं तयार असतील. ऐन वेळी आठ माणसांचं सांगितलं तर भाकऱ्या होईस्तोवर तासभर जातो आणि भाज्याचं ऊन निसटतं. रिक्षावाल्याशी परतीचंही तेव्हाच ठरवा, दुपारी खिंडीत रिक्षा मिळेलच असं नाही.

पाणी विसापूरला जाणाऱ्या प्रत्येकी दोन लिटर. टाक्यांचं पाणी पिऊ नका. अत्तर, बॉडी स्प्रे मारून जाऊ नका आणि वर कुठेही जाळ करू नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

लोकलला पुण्याहून मळवली साधारण सव्वा तास, लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन. साडेसहाच्या आसपासची गाडी पकडा. दुपारी लोकल विरळ असतात, पण तुम्ही संध्याकाळी पाचनंतर परतणार असल्याने ती अडचण येणार नाही.

डोंगरवाट: एक राहिलंच. भाज्याच्या बाजूने, लेण्यांजवळून विसापूरला चढणारी मोडक्या पायऱ्यांची वाट कुणी सुचवेल. ती वाटाड्याशिवाय नको, आणि मुलांना घेऊन तर नकोच. नोव्हेंबरात गवत वाढलेलं असतं, त्याखाली पायरी आहे की खड्डा ते कळत नाही. आलात त्याच वाटेने खिंडीत उतरा.