प्रतिसाद: दाखल होतानाची सही आणि कॅथेटर

हॉस्पिटलात दाखल होताना फॉर्मवर सही केली की तपासणी, कॅथेटर (लघवीसाठी घालायची नळी) सगळंच त्यात आलं, मग ते स्त्री करतेय की पुरुष हे विचारता येत नाही, असं एकांनी म्हटलंय. ते बरोबर नाही. समीरा कोहली प्रकरणात (2008) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुर्बिणीतून तपासायला दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी.

पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासताना दुसरी स्त्री हजर हवी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. तपासणारी डॉक्टर स्त्रीच असेल, याची हमी मात्र त्यात नाही. ते आधीच मागावं लागतं. योनीमार्गे सोनोग्राफी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

ऑपरेशनमध्ये खरी अडचण भूल दिल्यानंतरची, कारण कॅथेटर बहुतेकदा तेव्हाच घालतात. रिसेप्शनवर सांगितलेलं ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचत नाही. शिफ्ट बदलली की वॉर्डातल्या सिस्टरांनाही पत्ता नसतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना सांगा, आणि केसपेपरवर लिहूनच घ्या: ‘शेव्हिंग, एनिमा, कॅथेटर: फक्त स्त्री कर्मचारी’. पुरुष रुग्णांनीही लाजू नये. ब्रदर (पुरुष नर्स) असतात, फक्त रात्रपाळीला कमी. तेव्हा तातडीचं नसलेलं काम सकाळवर ढकलता येईल का, विचारा.