गेरासिमसारखी शुश्रूषा आपल्याला जमते का?

प्रश्न:
टॉलस्टॉय यांची १८८६ साली प्रसिद्ध झालेली ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही छोटी कादंबरी नुकतीच वाचली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. माझे वडील अर्धांगवायूमुळे दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेले आहेत. औषधांच्या वेळा, पथ्य, दर दोन तासांनी कूस बदलणे, यात मी कसूर करत नाही, पण “मी आता चालणार नाही ना रे?” असे त्यांनी विचारले, की “बाबा, असं बोलायचं नाही” म्हणून मी गोळ्यांचा डबा उघडतो. कादंबरीतले न्यायाधीश इव्हान इलिच यांना घरच्यांचे आणि डॉक्टरांचे नेमके हेच खोटे सर्वांत जास्त छळते आणि बरे वाटते ते फक्त गेरासिमजवळ, जो खेडवळ तरुण नोकर त्यांचे मलमूत्र कुरकुर न करता उचलतो आणि वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून त्यांचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्र रात्र बसतो. मी वडिलांची सेवा करतो आहे, की नुसती व्यवस्था पाहतो आहे?

प्रतिसाद १:
मी घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. गेरासिम मृत्यूविषयी प्रवचन देत नाही, हे ध्यानात घ्यावे. इव्हान इलिच त्याला जायला सांगतात तेव्हा, आपण सगळेच मरणार आहोत, मग थोडे कष्ट का घेऊ नयेत, अशा अर्थाचे तो एकदाच बोलतो. वडील विचारतील तेव्हा उत्तराची घाई करू नका, खुर्ची ओढून जवळ बसा. अंग पुसताना मी नेहमी पाहते, की हात घाईने फिरतो आहे हे रुग्णाला लगेच कळते.

प्रतिसाद २:
मला मात्र इव्हान इलिच यांच्या पत्नीवर अन्याय झाल्यासारखे वाटते. आपण तिला रुग्णाच्या नजरेतूनच पाहतो आणि तिच्या थकव्याला तिथे फारशी जागा नाही. दीड वर्ष जागरणे काढणाऱ्या मुलाने स्वतःला इतके कठोरपणे जोखू नये.

प्रतिसाद ३:
साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली अळणी भाजी आठवा. मीठ पडलेले नाही हे वडिलांना कळते, पण राबणाऱ्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून ते काही न बोलता जेवतात. तेही सत्य लपवणेच आहे. फरक इतकाच, की ते मौन तिच्यासाठी आहे. तुमचे “असं बोलायचं नाही” कोणासाठी आहे, हे तुम्हीच पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता:
ते माझ्यासाठी होते. काल रात्री बाबांनी पुन्हा तेच विचारले. मी डबा उघडला नाही. “मलाही तीच भीती वाटते, बाबा,” एवढेच म्हणालो. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि मग डाव्या हाताने माझे मनगट धरून त्यांनी गावच्या विहिरीवर पोहायला शिकल्याची गोष्ट सांगितली, जी मी यापूर्वी कधीच ऐकली नव्हती.