तातडीची मदत हवी: जखमी हरीण मक्यात शिरलंय, माग कसा काढायचा? (येवला तालुका)

शिवारातला | सकाळी ६:४०
राजापूर-ममदापूर पट्ट्यात आमची शेती आहे. जखमी हरीण आमच्या मक्यात शिरलंय. बांधापासून काही सऱ्या आतपर्यंत रक्ताचे थेंब दिसतात, पुढे काहीच नाही. पोरं आत जाऊन आली, ते पुढं पळाल्याचा आवाज आला पण दिसलं नाही. आभाळ भरून आलंय, पाऊस पडला की सगळं धुऊन जाईल. माग कसा काढायचा तेवढं पटकन सांगा. वनखात्याला कळवा हे सांगू नका, ते केलंय.

माळरान | ६:५२
काळवीट ना? नर की मादी? कुत्र्यांनी फाडलंय, गाडीने उडवलंय की तारेत अडकलं होतं? रक्ताचा रंग कसा? मका किती उंच? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि पोरांना आधी बाहेर काढा.

द्राक्षबाग | ६:५८
मक्यात शिरताना जपून. आमच्याकडे निफाडला उसातला बिबट्या तोडणीच्या वेळी मक्यात येतो. रक्ताचा वास लागला तर तोही मागावर असेल. हातात काठी आणि बरोबर माणसं ठेवा.

शिवारातला | ७:०५
काळवीटच, मादी आहे, शिंगं नाहीत. मका डोक्याच्या वर गेलाय. कुत्री नव्हती. आमच्याकडे बिबट्या नाही, तो विषय नको. माग!

चाळीतला_कांदा | ७:०९
पाडस असेल तर हात लावू नका. आई त्याला गवतात लपवून चरायला जाते, लोक अनाथ समजून उचलून आणतात. तसंच ठेवून निघून या.

माळरान | ७:११
कांदाभाऊ, पाडसाचं कोणी विचारलेलं नाही.
शिवारातला, कशाने जखमी झालं ते अजून सांगितलं नाहीत. वनखात्यात नेमकं कोणाला कळवलं?

शिवारातला | ७:१८
गावातल्या एकाची वनरक्षकाशी ओळख आहे, तो कळवतो म्हणाला. रात्री उशिरा माळाकडं जीप फिरत होती, मोठी बत्ती मारत होते. आवाज आला एकदा, फटाका वाजल्यासारखा. मग जीप डांबरीकडं निघून गेली. सकाळी बांधावर रक्त दिसलं.

माळरान | ७:२०
म्हणजे गोळी लागलीय! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. 'तो कळवतो' यावर अजिबात बसू नका. १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, आत्ता स्वतः लावा. गोळीचा आवाज, जीप, वेळ, गट नंबर सगळं सांगा. येवला वनपरिक्षेत्र कार्यालयालाही वेगळा फोन करा. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आहे. जीपच्या चाकांचे ठसे आणि कुठं काडतूस पडलं असेल तर त्याला हात न लावता फोटो काढून ठेवा. पाऊस यायच्या आत जमलं तर चाकांच्या ठशांवर पाटी नाहीतर घमेलं पालथं घाला.

दूरदेशी | ७:३४
मी मूळचा सिडकोतला, आता विस्कॉन्सिनमध्ये असतो. इथं नोव्हेंबरात परवाना काढून हरणाची शिकार चालते. मी स्वतः बंदूक धरत नाही, पण शेजाऱ्यांबरोबर जखमी जनावराच्या मागावर पुष्कळदा गेलोय. पहिलं काम रक्त नीट बघणं. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसात लागलंय, जनावर फार लांब जात नाही. गडद, काळपट असेल तर बहुधा यकृत. हिरवट पाणी, चाऱ्याचे कण आणि घाण वास असेल तर पोटात लागलंय. पोटाच्या जखमेत इथले शिकारी सहा-आठ तास जनावराला हातच लावत नाहीत. ते जवळच कुठंतरी बसतं. मागे लागलात की उठून कितीतरी पुढं जातं आणि रक्तही थांबतं.

शेवटचा थेंब जिथं दिसला तिथं काठी रोवून फडकं बांधा. मागावर पाय न देता शेजारच्या सरीतून चाला. जमिनीवर थेंब नसले तरी ताटांच्या पानांवर रक्त पुसलेलं असतं, काळविटाच्या बरगडीच्या उंचीला म्हणजे तुमच्या मांडीपाशी बघा. एकाच बाजूच्या पानांना लागलं असेल तर जखम एकाच अंगाला आहे.

माळरान | ७:४१
शिकारी सहा तास थांबतो ते जनावर मरावं म्हणून. आपल्याला ते जिवंत हवंय. तुमचा अनुभव इथं लावू नका.

दूरदेशी | ७:४६
थांबण्याचं कारण वेगळं असलं तरी जनावर तेच करतं. पाठलाग केला तर ते पळून पळून मरेल. घाई करा, पण फोनवर, मक्यात नाही.

गोठा_आणि_दवाखाना | ७:५५
मी पशुवैद्यक आहे, गाईम्हशींचा. दूरदेशी म्हणतात ते बरोबर आहे. हरीणवर्गात पाठलाग आणि पकडापकडीच्या ताणाने स्नायूंची नासाडी होते, जनावर त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी दगावतं. जखम भरत आलेली असतानाही. म्हणून दोरखंड, जाळी, वीस माणसांची रांग यातलं काही नको.

पोरं आत गेली तेव्हा ते कुठल्या दिशेला पळालं ते आठवा. मक्याच्या चारी कोपऱ्यांवर एकेक माणूस गप्प बसवा. बाहेर पडलं तर नुसतं बघायचं, हाकायचं नाही. आतला माग एकाच शांत माणसाने काढायचा आणि जनावर दिसलं की तिथूनच मागं फिरायचं. आडवं पडलेलंच सापडलं आणि वनखात्याची माणसं पोचायला वेळ असेल, तर डोळ्यांवर सुती फडकं टाका आणि छातीवर बसतं करा. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडून राहिलं की पोट फुगतं. तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं.

चाळीतला_कांदा | ८:०१
गावातल्या डॉक्टरकडून भुलीचं इंजेक्शन मारून घ्या, सोपं पडेल.

गोठा_आणि_दवाखाना | ८:०४
नाही. त्या ताणात चुकीची मात्रा गेली तर जागीच मरेल. वन्यप्राण्याला भूल द्यायचा निर्णय वनखात्याच्या डॉक्टरांचा.

शिवारातला | ८:१२
१९२६ लावला. नोंद घेतली, येवल्याहून गाडी निघतेय म्हणाले. चार कोपऱ्यांना माणसं बसवलीत. चुलता एकटा आत गेलाय. पण पानांवर सगळीकडंच लालसर पट्टे दिसतात म्हणतो, रक्त कुठलं आणि पान कुठलं कळंना. पाऊस भुरभुरायला लागलाय!

माळरान | ८:१५
पानांच्या कडा जांभळट-लाल असतील तर ती बहुधा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता आहे. पांढरं फडकं ओलं करून पुसायला सांगा. रक्त असेल तर फडक्यावर उतरेल, पानाचा रंग उतरत नाही. शिवाय ओल्या मातीत खूर बघा, पुढं निमुळता, दोन फाकांचा. एक पाय घासत असेल तर ठशापुढं रेघ ओढलेली दिसेल. नवी ओल पडली तर नवे ठसे जास्तच स्पष्ट येतील. पावसाला इतकं भिऊ नका.

दूरदेशी | ८:१९
जखमी हरीण पुष्कळदा पाण्याकडं किंवा दाट सावलीकडं जातं. शेजारी नाला, शेततळं आहे का?

शिवारातला | ९:५०
फडक्याची युक्ती लागू पडली. माग मक्यातून निघून नाल्याच्या अंगाला गेला होता. चुलत्याला बाभळीखाली बसलेली दिसली, तसाच मागं फिरला. वनखात्याची माणसं आणि डॉक्टर आले, त्यांनी शांतपणे ताब्यात घेतली. मागच्या फऱ्यात लागलंय, हाड वाचलंय म्हणाले. उपचाराला नेलीय, वाचेल की नाही दोन-तीन दिवसांत कळेल. जीपच्या ठशांचा पंचनामा चालू आहे. चुलत्याला आणि मला जबाब द्यायला बोलावलंय. जबाबात काय सांगायचं? आमच्यावर काही येणार नाही ना?

माळरान | ९:५८
जे ऐकलं, जे पाहिलं तेवढंच. जीप कोणाची असेल याचा अंदाज सांगू नका, पण नंबरातला एखादा आकडा जरी दिसला असेल तर तो जरूर सांगा. १९२६ वर तुम्हीच कळवल्याची नोंद आहे, ती तुमच्या बाजूची आहे. सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा.

द्राक्षबाग | १०:२०
मक्याची जी मोडतोड झाली त्याची भरपाई मिळते का?

माळरान | १०:२६
माणसांनी तुडवलेल्याची नाही. काळविटांनी खाल्लेल्या पिकाची मिळते, पण अर्ज लगेच द्यावा लागतो आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसंच ठेवावं लागतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं जबाबाचं चालू राहू द्या.