मदत हवी आहे: दोन सॉकेटचा जुना बोर्ड, घरचा सर्व्हर. प्रोसेसर बदलू की अख्खा बोर्डच?

जुनाबॉक्स

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. घरच्या सर्व्हरमध्ये एलजीए १३६६ (प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) चा ड्युअल सॉकेट बोर्ड आहे, इंटेल ५५२० चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणारी चिप). त्यावर झिऑन ई५५२० ची जोडी (प्रत्येकी ४ कोअर, २००९ ची पिढी) आणि डीडीआर३ रजिस्टर्ड ईसीसी रॅम (सर्व्हरची, चुका दुरुस्त करणारी), ८ जीबीच्या ६ पट्ट्या, म्हणजे ४८ जीबी. रॅमचे स्लॉट १२ आहेत. प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी सिस्टिम), झेडएफएसवर (डिस्कांचा एकत्र पूल करणारी फाइल सिस्टिम) फायली आणि बॅकअप, दोन-तीन व्हीएम (आभासी मशीन), काही कंटेनर (वेगळे डबाबंद चालणारे प्रोग्राम). एवढाच संसार.

तक्रार वेगाची फारशी नाही. तीन गोष्टी अडतात.

पहिली, बोर्डावरचा सॅस कंट्रोलर (डिस्का जोडायची चिप) एलएसआय १०६८ई आहे. तो २ टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण ओळखतच नाही. मोठ्या डिस्का घ्यायच्या तर आयसीएच१० (बोर्डावरचीच दुसरी चिप) च्या ६ साटा पोर्टांवर भागवावं लागतं, आणि ते ३ गिगाबिटचे.

दुसरी, एव्हीएक्स (नव्या प्रोसेसरांतला सूचनांचा संच) नाही. मोंगोडीबी (डेटाबेस) ५.० किंवा पुढची आवृत्ती लागणारा कंटेनर सुरू होता होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मान टाकतो. एईएस-एनआय (एन्क्रिप्शन वेगाने करणाऱ्या सूचना) पण नाही, त्यामुळे एन्क्रिप्टेड डेटासेटवर लिहिताना सगळे कोअर धापा टाकतात.

तिसरी वीज. नुसतं बसून १५० वॉटच्या आसपास खातो.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, याच बोर्डावर एल५६४० (याच सॉकेटचे कमी वॉटचे प्रोसेसर) ची जोडी. दोन, एलजीए २०११-३ चा ड्युअल बोर्ड, ई५-२६८० व्ही४ वगैरे, पण त्याला डीडीआर४ लागते. रॅम वाया गेली तर जिवावर येईल. काय करावं?

केबलबहाद्दर

एल५६४० डोळे झाकून घ्या. ६-६ कोअर, ६० वॉट, वेस्टमिअर (पुढची पिढी) असल्याने एईएस-एनआय आहे, रॅम तशीच चालेल. फक्त बायॉस आधी अपडेट करा, जुने प्रोसेसर बसलेले असतानाच. नंतर आठवलं तर पडदा काळा राहील आणि परत सगळं उघडावं लागेल.

कंट्रोलरसाठी बोर्ड बदलायची गरज नाही. एसएएस२००८ चिपचं कार्ड आयटी मोडमध्ये (रेड न करता डिस्का थेट दाखवणारा) करून लावा, २ टीबीची अट संपली. आणि ३ गिगाबिट साटाचा बाऊ कशाला? प्रत्यक्षात २८० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास मिळतात, फिरती डिस्क सहसा तेवढं देत नाही. घरचं नेटवर्क १ गिगाबिटचं असेल तर पलीकडे ११०च्या आसपासच पोचणार.

निवांत

@केबलबहाद्दर, एव्हीएक्सचं काय? वेस्टमिअरलाही ते नाही. म्हणजे मोंगोचं रडगाणं तसंच. शिवाय आरएचईएल १० (रेड हॅटची लिनक्स) आणि त्याच्या भावंडांना एक्स८६-६४-व्ही३ (प्रोसेसरची किमान पातळी) लागतं, म्हणजे एव्हीएक्स२. त्या व्हीएम इथे कधीच उठणार नाहीत.

आणि 'एल' पाहून वीज वाचेल असं समजू नका. ६० वॉट ही भरपूर काम असतानाची मर्यादा. रिकामं बसलेलं असताना ई आणि एल मध्ये फार फरक पडत नाही. तुमच्याकडे वीज खातंय ते बाकीचं बिऱ्हाड: ५५२० चिप एकटीच २७ वॉटची, वर रजिस्टर्ड रॅम, पंखे, बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी चिप). १५० वॉट चोवीस तास म्हणजे वर्षाला १३१४ युनिट. ३० वॉटचं एक-प्रोसेसर मशीन तेच काम २६३ युनिटांत करेल. रॅम मात्र जाईल, रजिस्टर्ड पट्ट्या डेस्कटॉप बोर्डात चालत नाहीत.

उपद्व्यापी

दोघांचंही बरोबर आहे, पण धागाकर्त्याला दोन प्रोसेसर खरंच लागतात का, हे कुणीच विचारलं नाही. काही विकत घेण्याआधी फुकटचा प्रयोग करा. दुसरा प्रोसेसर काढा, त्याच्या पट्ट्या पहिल्याच्या ६ स्लॉटांत हलवा, रिकाम्या सॉकेटवर टोपी लावा (पिना सॉकेटमध्ये आहेत, एक वाकली तर बोर्ड गेला). या पिढीत पीसीआयई स्लॉट (कार्डं लावायच्या खाचा) ५५२० चिपवर असतात, त्यामुळे एक ५५२० असलेल्या बोर्डावर कार्डं चालूच राहतात. आठवडाभर तसंच चालवा आणि मीटर पाहा. वॉटही उतरतील, आणि ४ कोअरवर भागतंय का तेही कळेल. माझा अंदाज, भागेल.

भागलं तर मधला रस्ता आहे: एलजीए २०११ (शेपटीत '-३' नको), ई५-२६०० व्ही२. डीडीआर३ रजिस्टर्ड रॅम चालते, म्हणजे तुमच्या ६ पट्ट्या वाचल्या. एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ नाही. एक सॉकेटचाच बोर्ड घ्या. ड्युअल घेऊन एकच प्रोसेसर लावलात तर अर्धे रॅम स्लॉट आणि काही पीसीआयई स्लॉट मेलेले राहतील, कारण इथे पीसीआयई थेट प्रोसेसरमधून येतं. कूलर घेताना सॉकेटची चौकट चौकोनी की अरुंद ते आधी बघा, दोन्हींचे कूलर एकमेकांना बसत नाहीत.

२०११-३ चा बेत मला पटत नाही. डीडीआर४ नव्याने घ्यायचीच असेल तर दोन सॉकेटचं ओझं कशाला उचलायचं?

जुनाबॉक्स

@उपद्व्यापी, प्रयोग चालू केला. ११५ वॉटवर आलाय आणि घरात कुणाला काही जाणवलेलं नाही. एसएएस२००८ कार्ड तर घेतोच, नव्या बोर्डातही चालेल. आरएचईएल १० ची मला गरज नाही, त्यामुळे एक सॉकेट आणि व्ही२ हेच पक्कं करतोय.

शेवटचा प्रश्न: बोर्ड बदलल्यावर झेडएफएसचा पूल जसाच्या तसा उचलला जाईल ना? तो आत्ता साटा पोर्टांवर आहे, हार्डवेअर रेड नाही.

निवांत

उचलला जाईल. पूलची माहिती डिस्कांवरच असते, बोर्डाशी देणंघेणं नाही. डेटाचा पूल आधी एक्स्पोर्ट करा, तिकडे इम्पोर्ट करा. एन्क्रिप्शनची चावी किंवा पासफ्रेज त्याच पूलवर ठेवलेली नाही ना, तेवढं तपासा.

केबलबहाद्दर

एक राहिलं. नव्या बोर्डावर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि प्रॉक्समॉक्सचा ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) जुन्याच नावाला चिकटून बसतो. मशीन सुरू होईल, पण ब्राउझरमधून दिसणार नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच पहिल्यांदा चालू करा, आणि इंटरफेसेस फाइलमध्ये नवं नाव टाका.